एन्लार्जरवर राग नाही, लेन्सवर तर मुळीच नाही. सगळा वैताग निगेटिव्ह कॅरिअरचा

एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून पेपरवर मोठी प्रिंट काढायचं यंत्र, आणि कॅरिअर म्हणजे त्यात निगेटिव्ह धरणारी चौकट. कडा धारदार आणि मधला भाग मऊ, अशी प्रिंट दाखवली की सगळे एकच सांगतात: लेन्स बदल. मी बदलली नाही. एल-निक्कोर ८० मिमी एफ/५.६ मध्ये नावं ठेवण्यासारखं काही नाही, आणि त्या पैशांत पेपरची कितीतरी पाकिटं येतात.

एन्लार्जर सेकंडहँड, कंडेन्सर हेडचा (दिव्याचा उजेड भिंगांनी एकवटणारा), ६×६ सेमीच्या निगेटिव्हपर्यंतचा. काही महिने वापरल्यावर खात्रीने लिहितो, दोष बिनकाचेच्या कॅरिअरचा आहे. पडताळा सोपा आहे. ग्रेन फोकसर (निगेटिव्हचे बारीक कण, म्हणजे ग्रेन, मोठे करून दाखवणारं भिंग) इझलवर, म्हणजे पेपर धरणाऱ्या पाटावर, ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून ग्रेन टोकदार करा आणि दिवा चालूच ठेवून बघत बसा. कुणी कशाला हात लावलेला नसतो, तरी ग्रेन हळूहळू पुसट व्हायला लागतो. फिल्म फक्त कडांना धरलेली असते. दिव्याने ती तापली की मधला भाग फुगतो आणि फोकसमधून निसटतो. ३५ मिमीची फ्रेम छोटी, तिथे खपून जातं. ६×६ ला नाही. लेन्स एफ/११ पर्यंत बंद केली की थोडं झाकलं जातं, इतकंच.

हेड उघडलं तर आणखी एक गंमत. कंडेन्सरच्या वर उष्णता शोषणाऱ्या काचेसाठी खाच आहे, काच मात्र गायब! विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, ‘तिच्याने उजेड कमी होतो, म्हणून काढली.’ उजेड कमी झाला तर एक्स्पोजर वाढवता येतं, तापलेल्या निगेटिव्हचं काय करायचं? जुना हेड घेणाऱ्यांनी आधी ही खाच बघावी. काच मिळवून बसवली. फुगणं उशिरा सुरू व्हायला लागलं, थांबलं नाही.

मग फुकटातला उपाय. निगेटिव्ह आधी तापू द्यायची, फुगायची तेवढी फुगली की मगच फोकस करायचा. त्यानंतर दिवा बंद करायचा नाही. लेन्सखाली काळा पुठ्ठा धरायचा, इझलवर पेपर लावायचा आणि पुठ्ठा बाजूला करून एक्स्पोजर द्यायचं. लेन्सखालचा लाल फिल्टर सरकवूनही हे जमतं, पण त्याला हात लागला की सगळा डोलारा हलतो. पुठ्ठा बरा. अर्थात टायमर शोभेपुरता उरतो, सेकंद तोंडाने मोजावे लागतात.

इथपर्यंतचं आधी लिहिलेलं आहे आणि तेव्हा माझा निकाल होता की काचेच्या कॅरिअरवर खर्च करायची गरज नाही. १६×२० इंचाच्या प्रिंटा काढायला लागल्यावर तो निकाल मागे घेतला. एवढ्या मोठ्या प्रिंटला डॉजिंग-बर्निंग (काही भाग झाकून फिकट ठेवणं, काहींना जादा उजेड देऊन गडद करणं) बरंच लागतं, दिवा बराच वेळ चालू राहतो आणि पुठ्ठ्याची कसरत नकोशी होते.

काचेचा कॅरिअर आला आणि फुगणं संपलं. धूळ सुरू झाली. दोन काचांच्या चार बाजू आणि फिल्मच्या दोन, म्हणजे पुसायला सहा पृष्ठभाग. त्यात कंडेन्सरचा उजेड एका दिशेने येणारा, डिफ्यूजरसारखा विखुरलेला नाही, त्यामुळे प्रत्येक कण आणि ओरखडा ठसठशीत उमटतो. वर साधी काच असली की फिल्मच्या चकचकीत बाजूशी तिचं जमत नाही आणि प्रिंटमधल्या आकाशात न्यूटनची वलयं (गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकले की उमटणारी वर्तुळं) दिसतात.

शेवटी मधला मार्ग काढला: वर अँटी-न्यूटन काच (किंचित खरखरीत, वलयं न उमटू देणारी), खाली काहीच नाही. फिल्म इमल्शनच्या, म्हणजे प्रतिमा असलेल्या थराच्या, बाजूला वळते. इमल्शन खाली ठेवलं की पोट वर येतं आणि नेमकी तिथेच काच असते. पुसायचे पृष्ठभागही चारच उरले. लाइट्झच्या जुन्या फोकोमॅट १सी मध्ये कंडेन्सरच खाली येऊन निगेटिव्हवर टेकतो. ज्याने ते योजलं त्याला माझा दंडवत.

बाकीच्या सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इल्फर्डचे मल्टिग्रेड फिल्टर (प्रिंटचा ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलणारे) चोख: ००पासून ३½पर्यंत एक्स्पोजर तेच, ४ पासून पुढे दुप्पट. इझल चार पात्यांचा घ्या, दोन पात्यांच्या इझलवर चारी बाजूंच्या कडा सारख्या ठेवायला फार खटपट पडते. सेफलाइट (डार्करूममधला मंद दिवा) कुठलाही चालेल, फक्त त्याच्या उजेडात पेपरवर नाणं ठेवून त्याचा ठसा उमटत नाही ना, ही चाचणी घ्या.

उष्णतेचा प्रश्नच मिटावा म्हणून घरगुती एलईडी बल्बही लावून पाहिला. निगेटिव्ह गार राहिली, हे खरं. पण या बल्बच्या उजेडात निळा आणि हिरवा भाग टंगस्टनसारखा पसरलेला नसतो, त्यामुळे फिल्टरवर लिहिलेला ग्रेड आणि पेपरवर येणारा ग्रेड यांचं जुळेना. शिवाय माझा बल्ब बंद केल्यावरही क्षणभर मंद उजळत राहायचा. लहान एक्स्पोजरला ते परवडत नाही. एन्लार्जरचा ओपल (दुधी काचेचा टंगस्टन) बल्ब परत लावला आणि एक जादाचा घेऊन ठेवला.