सनस्क्रीनचे नऊ महिने, रंग होता तोच

सगळे विचारतात म्हणून आधीच सांगून टाकते: नाही, उजळले नाही. फेब्रुवारीपासून रोज एसपीएफ ५० लावतेय, रंग होता तोच आहे. आत्याच्या मते पैसे पाण्यात.

पैसे खरंच पाण्यात गेलेत म्हणा. दादरला शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात सकाळची बॅच लावली, त्यासाठीच ही ट्यूब. लहानपणी मला पोहायला पाठवलं नाही, दादाला पाठवलं. कारण एकच, "आधीच सावळी, त्यात काळवंडली तर?" वयाच्या ३१ व्या वर्षी कठड्याला धरून पाय मारायला शिकले. शेजारी सात वर्षांची पोरं.

सनस्क्रीनच्या आधीचा उद्योगही सांगते. मावसबहिणीच्या लग्नाआधी एका केमिस्टने चिठ्ठीशिवाय एक क्रीम दिलं होतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसायला लागला, बायोडेटासाठी फोटोही काढून घेतले. मग गाल लाल, बारीक पुरळ, उन्हात पाऊल टाकलं की आग. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली: स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. वांगाच्या डागांवर ठरावीक आठवडे, देखरेखीखाली द्यायचं औषध मी कोल्ड क्रीमसारखं थापत होते. बंद केल्यावर चेहरा आणखी भडकला, निवळायला सहा महिने गेले. त्या म्हणाल्या, "रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण तेवढ्याच असतात. तुझ्या जास्त काम करतात, एवढंच. यात बरं काय करायचंय?" हे वाक्य मी आत्याला जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, "डॉक्टर गोरी असेल."

आता ट्यूबबद्दल. पहिलं घेतलं ते झिंक ऑक्साइडचं. तोंडाला राख फासल्यासारखं दिसायचं. लेडीज डब्यात एका काकूंनी "पावडर जास्त झालीय गं" म्हणत रुमाल पुढे केला. मग टिंट असलेलं. त्याच्या तीन शेड्स, आणि सगळ्यात गडद शेडसुद्धा माझ्या मानेपेक्षा फिकी! १९७५ पासूनच्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, पण शेड ठरवणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही. शेवटी पारदर्शक जेलवर स्थिरावले.

दोन बोटं भरून लावायचं, त्यामुळे मान आणि हात धरून ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. खर्चिक प्रकरण आहे. एसपीएफ ३० उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८. म्हणजे आकड्यापेक्षा हात सढळ हवा. पाण्यात टिकतं, पण टॉवेलने पुसलं की पुन्हा लावावंच लागतं. कपाळावरचं डोळ्यांत उतरून झोंबतं, तेव्हा तिथे बेतानंच. आणि टॅन होतोच. पाठीवर स्विमसूटच्या पट्ट्यांची फुली उमटलीय, तरी दिवाळीला मागून खोल गळ्याचा ब्लाउज शिवला.

बायोडेटात आत्याने 'गहूवर्णीय' लिहिलं होतं. मी खोडून 'सावळी' केलं, फोटो बदलला, 'छंद'मध्ये पोहणं घातलं. त्यानंतर स्थळं कमी आली, हे खरं. आलेल्यांपैकी एकानेही भेटल्यावर "फोटोत वेगळ्या दिसता" म्हटलं नाही.

झाकण दोनदा तुटलं, तरी पुन्हा घेणार. या वेळी दोन, एक आईसाठी. तिला पुढच्या बॅचला नाव घालायचंय. "आत्याला एवढ्यात सांगू नको," म्हणाली.