पूर आपण लिहायचा, माणसे त्यांची: एका मराठी रोलप्ले समूहातील लेखनकामाचे परीक्षण

सांगली-मिरज परिसरातील काही तरुण मंडळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक मराठी रोलप्ले समूह चालवतात आणि त्यासाठी कथालेखन करणाऱ्या स्वयंसेवकांच्या शोधात असतात. गेल्या पावसाळ्यापासून मी तेथे लेखिका म्हणून काम करीत आहे. समूह लहान आहे आणि त्यातील बहुतेक जण शिकणारे किंवा नुकतेच नोकरीला लागलेले आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. परंतु एकांकिका किंवा कथा लिहिणाऱ्या ज्या कोणाला असे बिनमोबदल्याचे काम स्वीकारावे की नाही हा प्रश्न पडला असेल, त्याला निर्णय घेता येईल इतका तपशील पुढे देत आहे. माझे मत आधीच सांगते. प्रसंग कसा मांडावा हे शिकण्यासाठी इतकी चांगली जागा मला मराठीत दुसरी आढळलेली नाही, आणि लिहिणाऱ्याच्या हक्कांच्या बाबतीत मात्र तेथील कारभार फार ढिला आहे.

रोलप्ले ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, त्या पात्राचे बोलणे-वागणे स्वतः लिहितो, आणि एकाने लिहिले की दुसरा आपल्या पात्राच्या तोंडून त्याला उत्तर देतो. शेवट काय होणार हे कोणालाच आधी ठाऊक नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये टेबलाभोवती बसून खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला, १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी संगणकावर अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ लिहायला घेतला, आणि २०१५ मध्ये डिस्कॉर्ड सुरू झाल्यावर असे कितीतरी समूह तेथे स्थिरावले. सांगलीत मात्र ही कल्पना समजावून देण्यासाठी इतक्या लांब जावे लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधार पदे गाऊन कथानक पुढे नेत असे आणि पात्रे आपापली भाषणे बहुतांशी ऐनवेळी, स्वतःच्या बुद्धीने करीत असत. समूहातील स्वयंसेवी लेखकाचे काम त्या सूत्रधाराचे आहे. कथानकाची दोरी त्याच्या हातात असते, पण दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो.

समूहाचे कल्पित जग म्हणजे कृष्णेसारख्या एका मोठ्या नदीच्या काठचे बाजारगाव आहे. त्यात हळदीची पेठ आहे, घाट आहे, एक मोडकळीला आलेली नाटकमंडळी आहे आणि गावाबाहेर सांगलीजवळच्या हरिपूरला होती तशी पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, आहेत. या जगाची टिपणे ठेवणे, ज्या पात्रांना कोणी खेळाडू नाही अशा तलाठी, नावाडी, पुजारी यांच्यासारख्यांच्या तोंडी बोलणे, आठवड्याच्या घडामोडींचा गोषवारा लिहिणे ही कामे लेखकांकडे असतात आणि ती कोणालाही थोड्या सरावाने जमतात. खरी कसोटी प्रसंगारंभाची. प्रसंगारंभ म्हणजे खेळाडूंच्या पुढ्यात ठेवलेला असा एक परिच्छेद, की जो वाचून चार वेगवेगळ्या स्वभावांच्या पात्रांना आपापल्या परीने काहीतरी करावेसे वाटले पाहिजे.

संपादनाची पद्धत कशी आहे हे एका उदाहरणाने दाखवते. एका नव्या स्वयंसेवकाने पेव उघडण्याचा प्रसंग लिहून पाठवला होता. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, त्यामुळे तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. हवा खेळू देतात आणि कंदील खाली सोडून ज्योत टिकते का ते पाहतात. ही माहिती त्याने नीट मिळवली होती. पुढे मात्र त्याने ‘हे पाहून हरबामामा घाबरले आणि मागे सरकले’ असे वाक्य घातले होते. हरबामामा हे एका खेळाडूचे पात्र. त्याने घाबरायचे की आत उडी घ्यायची, हे ठरवणे त्या खेळाडूचे काम आहे; दुसऱ्याचे पात्र परस्पर हलवण्याला या मंडळींत गॉडमॉडिंग म्हणतात आणि तो मोठा दोष समजला जातो. संपादन पाहणाऱ्या मुलीने ते वाक्य काढले, पण तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्याला लिहिले, ‘दादा, भीती मामांच्या मनात घालू नका, कंदिलात घाला.’ त्याने दुसऱ्या दिवशी सुधारून पाठवलेला मजकूर असा होता: ‘कंदील दोन हात खाली गेला आणि ज्योत बारीक झाली. आणखी एक हात दोर सोडला, तशी ती विझली. वर उभ्या असलेल्यांपैकी कोणीही दोर ओढून घेतला नाही.’

या तीन वाक्यांनंतर जे घडले ते मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. हरबामामांच्या खेळाडूने लिहिले, ‘कंदील वर घ्या. आज कुणी उतरायचं न्हाई.’ अडत्याच्या सुनेचे पात्र घेतलेल्या मुलीने त्याला उत्तर दिले, ‘मामा, उद्या दुपारी सांगलीचा व्यापारी यायचा हाय. हळद वर आली न्हाई तर बोली मोडंल, मग आमच्या मामंजींना तोंड तुम्ही दाखवणार का?’ आणि तोवर गप्प असलेल्या तिसऱ्याने, हमालाच्या पात्राने, काही न बोलता कमरेला दोर बांधायला घेतला. भांडण, कर्ज, जिवाची किंमत, सगळे तीन उत्तरांत उभे राहिले. लेखकाने त्यातले काहीही लिहिले नव्हते, आणि तरीही त्याच्या विझलेल्या कंदिलाशिवाय त्यातले काहीही घडले नसते. मी एकांकिका लिहीत आले आहे, पण पात्रांपुढे फक्त परिस्थिती ठेवून आपण बाजूला व्हायचे, ही शिस्त इतक्या स्वच्छपणे मला इतरत्र कोणी शिकवली नव्हती.

खेळाडूला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या पात्राला ठाऊक असेलच असे नाही, हा दुसरा नियम. त्याचे उल्लंघन म्हणजे मेटागेमिंग. लेखकांचे स्वतंत्र चॅनेल असते, पुढील कथानकाची चर्चा तेथेच होते, आणि लेखकाने स्वतःचे पात्र घेतले असेल तर ज्या कथानकाचे गुपित त्याला माहीत आहे त्यात ते पात्र उतरवायचे नाही, असा दंडक आहे. तो पाळला जातो.

तांत्रिक बाजूबद्दल एकच सांगते, कारण ती मराठी लेखकाला थेट भिडते. डिस्कॉर्डवर विनाशुल्क खात्याच्या एका संदेशाला २००० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हा वेगळा वर्ण म्हणून मोजला जातो. ‘कृष्णाकाठ’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्र त्याचे नऊ वर्ण धरते. त्यामुळे प्रसंगारंभ आखूड ठेवावा लागतो आणि विशेषणे आपोआप गळतात. मला हा जाच न वाटता उपकारच वाटतो, पण ज्यांना ऐसपैस वर्णन लिहायला आवडते त्यांनी ही गोष्ट ध्यानात घेऊनच यावे.

बोलीच्या बाबतीत समूहाने जी काळजी घेतली आहे ती कौतुकास्पद आहे. ग्रामीण बोली आली की हशा पिकवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि येथे ती चालवून घेतली जात नाही. मिरजेच्या सतार करणाऱ्या कारागिराचे बोलणे, वाळव्याच्या शेतकऱ्याचे बोलणे आणि जत भागातल्या, कानडी घरात बोलणाऱ्या माणसाचे मराठी बोलणे वेगवेगळे असले पाहिजे असा आग्रह असतो. जतच्या पात्राचा मजकूर त्या भागातील एखाद्या सदस्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. साताऱ्याहून सामील झालेल्या एका लेखिकेने तिच्या आजीच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले होते, ते आता सर्वांना वापरता येतील अशा टिपणात आहेत.

आता पुराच्या कथानकाविषयी, कारण समूहाची खरी परीक्षा तेथे झाली. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी किती फूट हा प्रश्न पावसाळ्यात प्रत्येक घरात विचारला जातो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. कल्पित गावातही तसाच पूल ठेवायचा, लेखकाने रोज संध्याकाळी फक्त पातळीचा आकडा आणि दोन ओळी टाकायच्या आणि खेळाडूंनी त्यावरून सामान कधी हलवायचे, कोणाला घरात घ्यायचे हे ठरवायचे, अशी योजना होती. योजना उत्तम होती. पण त्याच खेळाडूंत २०१९ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले होते असेही लोक होते.

रोलप्लेच्या परंपरेत यासाठी काही साधने आहेत. कोणते विषय अजिबात आणायचे नाहीत आणि कोणते आले तरी पडद्याआड ठेवायचे, हे आधी ठरवण्याची रीत रॉन एडवर्ड्स यांच्या मांडणीतून रूढ झाली, आणि खेळ चालू असताना कारण न देता प्रसंग थांबवता यावा म्हणून जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी एक्स-कार्ड सुचवले. समूहाने या दोन्हींचा उपयोग केला. कथानक सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला खासगीत विचारण्यात आले, आणि त्यातून असे ठरले की पुरात कोणी बुडाल्याचे दृश्य लिहायचे नाही, जनावरे दावणीला अडकल्याचा उल्लेख पडद्याआड ठेवायचा, आणि कोणीही एक ठरलेले चिन्ह टाकले की लेखकाने लगेच प्रसंग पुढच्या सकाळवर न्यायचा. एका रात्री ते चिन्ह पडले. का, असे कोणी विचारले नाही. पाच मिनिटांत पाणी ओसरू लागल्याची सकाळ लिहिली गेली आणि चिखल काढण्याचे काम सुरू झाले. ज्या व्यक्तीने चिन्ह टाकले होते, तिनेच पुढे त्या चिखलाचा सर्वांत सविस्तर प्रसंग लिहिला. वयाने लहान असलेल्या या चालकांनी दाखवलेली ही समज मला फार मोलाची वाटते.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. मसुदा वाचून परत येण्यास परीक्षांच्या दिवसांत आणि गणपतीच्या सुमारास फार विलंब होतो, कारण संपादनाचा सगळा भार दोघा-तिघांवर आहे. रोलप्ले रात्री रंगतो. ज्याला सकाळी लवकर कामावर जायचे आहे त्याने स्वतःची वेळ ठरवून सांगितली नाही, तर हे काम झोप खाऊन टाकते. संपलेले थ्रेड, म्हणजे एकेका प्रसंगाच्या संदेशमालिका, शोधणे अवघड आहे, त्यामुळे जुन्या कथानकातील तपशील नव्या लेखकाला विचारत फिरावा लागतो.

सर्वांत मोठी तक्रार हक्कांची आहे. स्वयंसेवकाच्या अर्जात एक ओळ आहे की येथे लिहिलेला सर्व मजकूर समूहाचा राहील, आणि त्यापुढे फक्त खूण करायची. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात लेखक हा आपल्या कृतीचा पहिला मालक मानलेला आहे; हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावा लागतो, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहावे लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क दिला तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. समूहातील त्या एका ओळीने यातील काहीच उलगडत नाही. चालकांचा हेतू वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. उद्या कोणी समूह सोडला तर त्याने लिहिलेले नावाडी आणि पुजारी कथेतून अचानक नाहीसे होऊ नयेत, एवढीच त्यांची चिंता आहे आणि ती रास्त आहे. पण त्यासाठी सर्व हक्क घेण्याची गरज नाही. समूहात वापरण्याची कायमची परवानगी पुरेशी आहे, आणि प्रसंगारंभाखाली लेखकाचे नाव घालायला तर काहीच खर्च येत नाही. सध्या आठवड्याच्या गोषवाऱ्यात खेळाडूंची नावे येतात, लेखकांची येत नाहीत. ज्याने विझलेला कंदील लिहिला, त्याचे नाव कोठेही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही मी हे काम सोडणार नाही आणि ज्यांना संवादप्रधान लेखन करायचे आहे त्यांनी एक पावसाळाभर तरी ते करून पाहावे, असेच सांगेन. ज्यांना स्वतःची कादंबरी पुरी करायची आहे किंवा लेखनातून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांना येथे काही मिळणार नाही. अर्जासोबत एक प्रसंगारंभ मागतात. तो आखूड असावा, त्यात कोणत्याही खेळाडूचे पात्र हलवलेले नसावे आणि शेवटी निदान दोन वाटा मोकळ्या असाव्यात. त्या मालकीच्या ओळीपुढे खूण करण्यापूर्वी चालकांना लेखी विचारावे की नाव कोठे येईल आणि समूह सोडल्यावर मजकूर स्वतःच्या संग्रहात घेता येईल का. मी विचारले तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला होकार मिळाला, पहिला अजून चर्चेत आहे. तोवर आपल्या प्रत्येक मसुद्याची तारखेसह एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.