त्रिलोक गुर्टूची 'उसफ्रेट' सीडी: शोभाताईंचं गाणं आणि लेकाचा ड्रम

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो ऐंशीच्या दशकातल्या त्या टिपिकल साउंडसाठी, वाजवण्यासाठी नाही. आणि सीडी ज्यानं पाठवली त्या ऑनलाइन विक्रेत्याला एकच स्टार, कारण 'कंडिशन उत्तम' असं लिहिलेलं आणि आली ती केस मधोमध तडकलेली, आतल्या पुस्तिकेला दमट वास, वर कुरिअरलाच सीडीपेक्षा जास्त पैसे. डिस्क स्वच्छ निघाली म्हणून भांडलो नाही, एवढंच.

आता मेन गोष्ट. बेळगावात गाण्याचा विषय निघाला की सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं नाव पहिल्या मिनिटाला येतंय, यायलाच पाहिजे, खरं ठुमरी गायिका शोभा गुर्टू आपल्याच गावच्या हे किती जणांना माहिताय? जन्म बेळगावचा, १९२५ सालचा, माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. सासरही बेळगावचंच. सासरे नारायणनाथ गुर्टू इथं पोलीस खात्यात मोठे अधिकारी आणि सतार वाजवणारे, व्यासंगी गृहस्थ (पोलीस साहेब संध्याकाळी घरी येऊन सतार घेऊन बसतायत, विचार करा). शोभाताईंची आई मेनकाबाई नर्तकी, गाणं शिकल्या अल्लादिया खाँसाहेबांकडं, आणि शोभाताई स्वतः लहानपणी कोल्हापूरला भुर्जी खाँसाहेबांकडं. म्हणजे पाया सगळा जयपूर घराण्याचा आणि नाव झालं ठुमरी-दादऱ्यात, म्हणजे शब्दातला भाव खुलवणाऱ्या उपशास्त्रीय गाण्यात. त्यांचा धाकटा मुलगा त्रिलोक. जन्म मुंबईचा, १९५१ चा. तबला शिकला शाह अब्दुल करीम यांच्याकडं, आणि पुढं जाऊन युरोप-अमेरिकेत जॅझचा ड्रमर म्हणून नाव काढलं.

मी हे सगळं कशाला सांगतोय तर 'उसफ्रेट' ऐकताना याचा थेट संबंध लागतो. ज्याच्या घरी रोज ठुमरी त्याच्या कानावर काय पडत असणार बघा, सुरुवातीला दीपचंदी नाहीतर जत ताल, अगदी सावकाश, तबलजीनं नुसतं सांभाळायचं, गाणारी एकाच शब्दाला दहा बाजूंनी वळवतीय तोवर याला हात आवरून बसायला लागतं. आणि मग शेवटाकडं केहरवा ताल धरला जातो, लग्गी म्हणजे तबल्याचं जलद, खेळकर वाजवणं सुटतं, तिथं तबलजी मोकळा, पाहिजे तेवढं खेळ. म्हणजे कधी गप्प बसायचं आणि कधी तुटून पडायचं हे त्या पोराला ड्रमस्टिक हातात यायच्या आधीच कळलेलं असणार असं मला वाटतंय. आपल्याकडच्या बऱ्याच ड्रमरांना पहिलं जमत नाही, दुसरंच जमतंय.

ड्रम कसा शिकला त्याचा एक किस्सा त्यानं स्वतःच जिमी हेंड्रिक्सवरच्या एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलाय. पाश्चात्य रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकताना ओव्हरडबिंग नावाचा प्रकार असतो, म्हणजे एकावर एक थर वेगवेगळे रेकॉर्ड करतात, हे माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं हे सगळं एका दमात वाजवलंय. मग काय, साहेब सगळं एकट्यानंच वाजवायला लागले! ऐकायला गंमत वाटते, खरं त्याचा हात आणि पाय जे चार दिशांना चालतात त्याचं मूळ तिथं आहे.

आणि त्याची बैठक बघायची असेल तर गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबरचे व्हिडिओ शोधा, १९८९ च्या लंडनच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग गाजलेलं आहे. स्टूल नाही. खाली गालिचा, एक गुडघा टेकून अर्धवट बसलेला, समोर ड्रम आणि झांजा, हाताच्या अंतरावर तबला. शेजारी पाण्यानं भरलेली बादली. हो, बादलीच. घणघणती झांज हळूच पाण्यात बुडवतो आणि तिचा सूर वाकत खाली जातो, लोंबणाऱ्या शिंपल्यांची माळ बुडवून काढतो ते वेगळंच. आमच्या गल्लीतल्या ढोल-ताशा पथकातल्या पोरांना दाखवलं तर पहिला प्रश्न काय, "दादा, बादली कशाला?" आणि पुढची दहा मिनिटं मोबाइल परत दिला नाही कुणी.

सीडीकडं वळतो. १९८८ ची, जर्मनीच्या सीएमपी कंपनीची, स्वतःच्या नावावरची त्याची पहिली. पहिलाच ट्रॅक 'शोभारॉक', नावातच आई. मी लावला तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले, पेटी वाजवतात ते भजनी मंडळात, जॅझ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. आवाज सुरू झाला तसे दारात येऊन उभे.

"अरे ह्या शोभा गुर्टू न्हवं?"

"होय बाबा. आणि ड्रमवर त्यांचा मुलगा."

थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाले, "बाकी धिंगाणा आहे, खरं पोरगा आईला जागा देतोय बघ." आणि परत पेपर.

यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला जमणार नाही. शोभाताईंचा आवाज येतो तिथं ड्रम किट मागं सरतं, आवाजाच्या अंगावर येत नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत मात्र याची बोटं आणि काठ्या दोन्ही सुटतात. ड्रमचे सूर पण त्यानं स्वतःच्या कानानं लावलेत, ठोका पडला की नुसता धप्प असा आवाज नाही, त्याला तबल्यासारखा सूर आणि आस आहे. तोंडानं बोल म्हणतो ते तर हातातल्या वाजवण्यात असं मिसळून जातंय की चांगले हेडफोन नसतील तर कुठलं काय ते समजणार नाही.

बँडलीडर म्हणून हा गडी मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. ड्रमरनं बँड चालवायचा म्हटलं की अमेरिकन ड्रमर आर्ट ब्लेकीचं नाव निघतंच, पन्नासच्या दशकापासून १९९० मध्ये जाईपर्यंत जॅझ मेसेंजर्स हा बँड चालवला, कायम तरुण पोरं घ्यायची, घडवायची, सोडायची, आखाडाच म्हणा ना. गुर्टूचं तसं नाही. हा दोस्ती करून माणसं गोळा करतो. या सीडीवर ट्रम्पेटला डॉन चेरी आहे, जॅझमधल्या नामी सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर वाजवलेला. गिटारला राल्फ टाउनर, ओरेगॉन बँडवाला. त्या बँडचा कॉलिन वॉलकॉट, जो तबला आणि सतार वाजवायचा, तो १९८४ ला अपघातात गेला आणि नंतर त्या जागी त्रिलोकच गेला होता. व्हायोलिन मॅक्लॉफ्लिनच्या 'शक्ती' बँडवाल्या एल. शंकरचं, बास स्वीडनच्या योनास हेलबोर्गचा, कीबोर्डवर डॅनिएल गोयोन. एवढी सगळी दांडगी मंडळी आणि मध्ये बसून ठुमरी गाणारी आई. लीडरचं नाव कव्हरवर आहे म्हणून दर दोन मिनिटाला ड्रम सोलो, असलं काही नाही. कोण कधी आत येणार आणि कोण कधी गप्प राहणार हे त्यानं ठरवलेलं जाणवतं आणि तेच लीडरचं काम. पुढं 'क्रेझी सेंट्स' या त्याच्या सीडीत, १९९३ ला, गिटारवाला पॅट मेथनी आणि कीबोर्डवाला जो झाविनुल असली मोठी माणसं त्याच्याकडं येऊन वाजवून गेली, आणि अमेरिकेच्या 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी नव्वदच्या दशकात त्याला कितीतरी वेळा सर्वोत्कृष्ट पर्कशनिस्ट निवडलं, उगीच नाही.

आता तक्रारी. कीबोर्डचे आवाज आज ऐकले की जुने वाटतात, एकदम त्या काळचे, आणि शोभाताईंच्या आवाजावर एवढा घुमारा टाकायची काय गरज होती? त्यांचा खरखरीत, जवळचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो काही ठिकाणी. मला तर राग आला. शिवाय मधल्या एकदोन ठिकाणी सगळे इतके हुशार होऊन वाजवतात की मात्रा मोजायच्या नादात गाणं हातातून सुटतं. ज्यांना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवायची सवय आहे ते वैतागतील, सम कुठं गेली म्हणून शोधत बसतील.

घ्यावी काय? निव्वळ ठुमरी पाहिजे असेल तर घेऊ नका, शोभाताईंची स्वतंत्र रेकॉर्डिंग्ज भरपूर आहेत, ती ऐका. ज्यांच्या पोराला ड्रम सेट पाहिजे म्हणून घरात हट्ट चाललाय, त्या पालकांनी सेट घ्यायच्या आधी हे ऐकवा, आणि पोरगं तबल्याच्या क्लासला जात असेल तर नक्कीच ऐकवा. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको, खालचे सूर सगळे गायब होतात. सीडी घेणार असाल तर विक्रेत्याकडं आधी केसचे आणि डिस्कच्या मागच्या बाजूचे फोटो मागा, नुसत्या वर्णनावर जाऊ नका.

'क्रेझी सेंट्स' पण मागवलीय, त्यातही शोभाताई गायल्यात. यावेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून. केस अख्खी आली तर तिचा पण रिव्ह्यू टाकतो.