ट्रायल्स सायकलचा हायड्रॉलिक रिम ब्रेक : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकवता दगडांसारख्या अडथळ्यांवरून सायकल नेण्याच्या खेळात, ब्रेकचे काम वेग कमी करणे हे नसतेच. चाक बहुतेक वेळा थांबलेले असते आणि ते तसेच रोखून धरायचे असते, मग मागच्या चाकावर उभे राहून उड्या मारायच्या असोत किंवा दगडाच्या कडेवर पुढचे चाक टेकवून तोल सावरायचा असो. एका बोटाने ओढलेल्या लिव्हरवर स्वाराचे सगळे वजन आणि उडीचा हिसका पेलला गेला पाहिजे, आणि चाक बोटभरही सरकता कामा नये. त्यामुळे रस्त्यावरच्या सायकलवर ज्याला चांगला म्हणता येईल असा ब्रेक येथे साफ कुचकामी ठरू शकतो, हे लक्षात ठेवूनच पुढचा अनुभव वाचावा.

माझ्या सायकलला मागे हायड्रॉलिक रिम ब्रेक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाच्या कड्यावर (रिमवर) पॅड दाबणारा ब्रेक, आणि ग्राइंड केलेली, म्हणजे कडेवर मुद्दाम खरखरीत रेषा काढलेली, २६ इंची रिम आहे, तर पुढे हबजवळच्या चकतीला धरणारा डिस्क ब्रेक आहे. डिस्कचा जमाना असताना मागे रिम ब्रेक कशाला, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. २६ इंची चाकात पॅड अक्षापासून सुमारे २७ सेंटीमीटरवर रिमला धरतात, तर १६० मिलिमीटरच्या डिस्कवर तीच पकड जेमतेम सात-साडेसात सेंटीमीटरवर लागते. म्हणजे तेवढ्याच घर्षणबलात रिम ब्रेक चाकाला साडेतीन पटींच्या आसपास अधिक जोराने अडवतो, शिवाय मध्ये स्पोक आणि हबचा पीळ येत नसल्याने पकड लागताक्षणी जाणवते. जर्मनीच्या मागुरा कंपनीने सायकलसाठी हायड्रॉलिक रिम ब्रेक १९८७ मध्ये आणला. इतर सायकलींवरून तो बराचसा मागे पडला, पण ट्रायल्सवाल्यांनी त्याला सोडले नाही.

सुरुवातीचे काही आठवडे ब्रेकबद्दल लिहिण्यासारखे काहीच नव्हते, आणि ब्रेकची याहून मोठी स्तुती नाही. त्यानंतर पकड हळूहळू उतरू लागली. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो पॅड बदलण्याचा. तो नेहमीच चुकीचा नसतो, परंतु ‘ब्रेक धरत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज पॅडवर केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक, या मताला मी आलो आहे. पहिल्या प्रकारात लिव्हर मऊ लागते आणि हँडलपर्यंत येते. दुसऱ्यात लिव्हर दगडासारखी घट्ट असते, तरीही चाक सुटते. तिसऱ्यात चाक आधी किंचित ‘कट्’ असे हलते आणि मग धरते. कोणता प्रकार आहे हे ओळखायला सायकल चालवावी लागत नाही. शेजारी उभे राहून ब्रेक दाबावा, सीटपोस्टच्या जागी फ्रेमवर भार द्यावा आणि सायकल आधी पुढे, मग मागे ढकलून पाहावी. दोन्ही दिशांनी पाहणे आवश्यक आहे, कारण मागच्या चाकावर तोल सावरताना चाक दोन्हीकडे सुटू पाहते, आणि पुढे उत्तम धरणारा ब्रेक मागे ढकलताच घसरतो असे पुष्कळदा आढळते.

मऊ लिव्हरचे कारण बहुधा तेलात शिरलेली हवा हेच असते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे बोटाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो. हवा काढताना लिव्हर सर्वांत उंच राहील अशी सायकल बांधावी, लिव्हरवरील समायोजनाचा स्क्रू पूर्ण बाहेर घ्यावा आणि सिरिंजने पॅडजवळच्या खालच्या सिलिंडरकडून तेल वर ढकलावे, म्हणजे बुडबुडे आपल्या स्वभावाप्रमाणे वर चढतात. नळीला मधूनमधून टिचक्या मारल्या तर वळणात अडकलेले बुडबुडेही सुटतात. तेल मात्र निर्मात्याने सांगितलेलेच हवे. खनिज तेलासाठी बनवलेल्या ब्रेकमध्ये मोटारीच्या ब्रेकचे डॉट द्रव घातले तर आतली रबरी सील फुगून निकामी होतात. ट्रायल्सवाल्यांमध्ये तेलाऐवजी पाणी, किंवा पाणी आणि अँटिफ्रीझ यांचे मिश्रण भरण्याची जुनी पद्धत आहे. पाणी तेलापेक्षा पातळ असल्याने लिव्हर झटकन परत येते, विशेषतः थंडीत. तो फरक खरा आहे, तरी नुसते पाणी गोठते आणि आतल्या धातूला गंज चढवते, म्हणून मी तेलावरच समाधानी आहे.

हवा नसतानाही लिव्हर मऊ भासत असेल तर दृष्टी फ्रेमकडे वळवावी. दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागून पाहिले, तर पॅड रिमवर टेकल्यानंतर फ्रेमच्या दोन्ही मागच्या दांड्या बाहेरच्या बाजूस फाकताना चक्क दिसतात. त्यांवर दोन्हींना जोडून धरणारा, घोड्याच्या नालेसारखा बूस्टर बसवणे हा यावरचा उपाय होय. माझ्या सायकलला बूस्टर लावल्यानंतर लिव्हरचा प्रवास कमी झाला आणि पकड लागण्याचा क्षण नेमका कळू लागला. इतक्या कमी खर्चात इतका फरक करणारा दुसरा सुटा भाग या ब्रेकला नाही.

खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रकारात आहे, म्हणजे लिव्हर घट्ट पण चाक सुटते, आणि माझ्या ब्रेकची उतरलेली पकड याच प्रकारातली होती. येथे जोर पॅडपर्यंत व्यवस्थित पोहोचलेला असतो. कमी पडते ते घर्षण. त्याचे पहिले कारण मळ. साखळीवर मारलेल्या तेलाच्या फवाऱ्याचे बारीक थेंब मागच्या रिमवर बसतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पांढरे कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रिम पुसली की कापड सारे काही सांगते. कापड स्वच्छ येईपर्यंत पुसत राहावे, आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी वापरावी, नाहीतर एका जागेचा मळ दुसऱ्या जागी जातो. पॅड सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून त्याचा चकचकीत झालेला वरचा थर काढावा. तेल आत मुरलेले पॅड मात्र कितीही घासले तरी परत धरत नाहीत. ते टाकून द्यावेत.

मळापेक्षा अधिक फसवे कारण म्हणजे पॅड रिमवर पूर्ण न टेकणे. वरून पाहताना सगळे सरळ दिसते, तरी प्रत्यक्षात पॅडचा निम्माच भाग काम करत असतो. यासाठी कागदाच्या चार बारीक पट्ट्या पुरतात. पॅडच्या चार कोपऱ्यांशी एकेक पट्टी पॅड आणि रिम यांच्यामध्ये धरावी, लिव्हर हलकेच दाबावी आणि पट्ट्या ओढून पाहाव्यात. जी सहज निसटते, त्या कोपऱ्यावर पॅड टेकलेला नाही. माझ्याकडे उजव्या पॅडच्या खालच्या दोन्ही पट्ट्या अलगद बाहेर आल्या आणि वरच्या दोन फाटल्या. सिलिंडरच्या पकडीचे बोल्ट सैल करून, ब्रेक दाबलेला ठेवूनच सिलिंडर किंचित फिरवला, आणि बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळले, तेव्हा चारही पट्ट्या अडकल्या. रस्त्यावरच्या सायकलींत आवाज टाळण्यासाठी पॅडचे पुढचे टोक रिमच्या थोडे जवळ ठेवतात. ट्रायल्समध्ये तसे करू नये. येथे पूर्ण पृष्ठभाग एकाच वेळी टेकला पाहिजे, आवाजाची फिकीर नाही. उलट ग्राइंड केलेल्या रिमवर ब्रेक कर्कश ओरडत असेल तर तो धरतो आहे असे समजावे. शेजाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.

आता ग्राइंडविषयी. गुळगुळीत ॲल्युमिनियमची रिम ट्रायल्सचा भार पेलत नाही, म्हणून अँगल ग्राइंडरच्या चकतीने तिच्या कडेवर आडव्या, दाट, उथळ रेषा काढतात, आणि पॅड त्या रेषांत रुतून बसतो. ही धार कायम टिकत नाही. रेषांचे शेंडे झिजतात, मधल्या खाचांत पॅडचा आणि ॲल्युमिनियमचा भुगा भरतो, आणि एक दिवस रिम बोटाला खरखरीत लागेनाशी होते. माझ्या ब्रेकच्या उतरत्या पकडीमागचे सर्वांत मोठे कारण हेच निघाले. तारेच्या ब्रशने खाचा साफ केल्यावर पकड बरीच परत आली, तरी पूर्ण परतली ती पुन्हा ग्राइंड केल्यानंतरच. ते करताना टायर आणि ट्यूब उतरवावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि चकती केवळ टेकवावी, दाबू नये. कार्बनच्या रिमला ग्राइंडर कधीही लावू नये.

ग्राइंड करायचे नसेल तर डांबराचा पर्याय आहे. गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा हलकेच फिरवला की पॅड त्यावर चिकटल्यासारखे धरतात. कोरड्या जागी ही पकड ग्राइंडच्या तोडीची असते, परंतु पाणी आणि चिखल लागताच ती बरीचशी नाहीशी होते आणि धूळ चिकटून रिम काळीकुट्ट होते. ओल्या दगडांवर चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पॅडही रिमप्रमाणे निवडावे लागतात : ग्राइंड केलेल्या रिमवर मऊ पॅड साबणासारखे झिजतात, आणि तिच्यासाठी बनवलेले कडक पॉलियुरेथेनचे पॅड गुळगुळीत रिमवर नुसते घसरतात. पॅडची पाठ प्लॅस्टिकऐवजी धातूची असेल तर दाबाखाली तो कमी वाकतो. हा फरक मला जाणवला, पण वर सांगितलेल्या गोष्टी जुळल्यावरच.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे त्या ‘कट्’बद्दल, फार सांगण्याजोगे नाही. कोठेतरी काहीतरी सैल आहे, एवढेच. सिलिंडर त्याच्या पकडीत हलतो का, पॅड पिस्टनवर नीट बसला आहे का, हबच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का आणि स्पोक ढिले पडले आहेत का, हे याच क्रमाने पाहावे. चाकाला आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे हलणारा वाकडेपणा, असेल तर तो आधी काढून घ्यावा, कारण आउट असलेल्या चाकासाठी पॅड दूर ठेवावे लागतात आणि लिव्हरचा निम्मा प्रवास ते अंतर कापण्यातच जातो. ब्रेक चाकाच्या एखाद्याच ठिकाणी सुटत असेल, तर त्या जागी खडूची खूण करून रिमची कड तपासावी. उडीनंतर रिम दगडावर आदळून कड बाहेर वळलेली असण्याचा संभव मोठा.

सध्याची स्थिती अशी की मागचा ब्रेक दोन्ही दिशांनी एका बोटात धरतो, लिव्हर साधारण अर्ध्या प्रवासात घट्ट होते आणि पॅडची झीज समायोजनाच्या स्क्रूने भरून काढता येते. रिम पुसणे हे काम मात्र नित्याचे झाले आहे, ज्याला त्याचा कंटाळा असेल त्याने डिस्कच घ्यावी. दर ग्राइंडला रिमची भिंत पातळ होत जाते आणि माझ्या रिमची कड आता हाताला लक्षात येण्याइतकी आत दबली आहे. तिला आणखी एकदा ग्राइंडर लावण्याऐवजी पुढच्या खेपेस रिमच बदलणार आहे.