अठरानंतर काय: एनआयओएस, वर्कशॉप, घरीच की निवासी?

ऑटिस्टिक मूल अठराचं झालं की स्पेशल स्कूल हात जोडतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात फुकट शिक्षणाची हमी 6 ते 18 वयापर्यंतच आहे, पुढचं आपलं आपण बघायचं. आमचा लेक आता 22 चा आहे, यातले तीन रस्ते करून झालेत आणि चौथा बघून आलोय, म्हणून जे कळलंय ते लिहिते.

आधी एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून दहावी-बारावीची परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, कारण सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात. दहावीला पाच विषय, त्यात पेंटिंग, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असलं घेता येतं, एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं आणि वयाला वरची मर्यादा नाही. वाचन बऱ्यापैकी असेल, पाठांतर असेल तर नक्की करा, आमच्याकडे तीन वर्षं गेली पण पास झाला. फक्त सर्टिफिकेट आलं की काम मिळेल अशा भ्रमात राहू नका हं! सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यात ऑटिझम येतं, पण तिथवर पोचायला परीक्षा, मुलाखत सगळं आहेच. आणि त्या तीन वर्षांत आमचं सगळं लक्ष अभ्यासावर, पोरगा विसाचा झाला तरी दाढी बाबाच करून देत होता.

वर्कशॉपचं, म्हणजे अशा मुलांना हाताने करायची कामं देणाऱ्या केंद्राचं, उलट. पणत्या, राख्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटं, सकाळी दहा ते चार, थोडाफार स्टायपेंड. मुलाला डबा घेऊन कुठेतरी जायचंय ही गोष्टच मोठी असते, घरात बसून सगळ्यांचं डोकं फिरतं. पण बघायला जाल तेव्हा तिथे ऑटिझमवाली मुलं किती आणि बौद्धिक अक्षमतावाली किती ते विचारा, कारण शिकवायची पद्धत वेगळी लागते आणि खूप ठिकाणी सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवतात. आमच्या पहिल्या वर्कशॉपमधून दिवसाआड अकरा वाजता फोन यायचा, घेऊन जा म्हणून. ‘हिंसक आहे’ असं सांगायचे. मी एक दिवस तिथे बसून राहिले तेव्हा कळलं की पाकीट सील करायचं मशीन दर वेळी पीं करतं आणि याची जागा बरोब्बर त्याच्या शेजारी! टेबल बदला म्हटलं, नाही बदललं, आम्ही मुलगाच काढला. दुसरीकडे हेच काम तो खिडकीपाशी बसून दोन दोन तास करतो.

घरी शिकवणं सगळ्यात स्वस्त दिसतं पण तसं नाहीये, एक माणूस पूर्ण अडकतो आणि स्पेशल एज्युकेटर तासावर पैसे घेतात. पण दाढी, अंघोळ, स्वयंपाक, सुट्टे पैसे हे घरात जितकं पक्कं होतं तितकं कुठे होत नाही. चहाचंच सांगते. आम्ही चहाचे अकरा टप्पे पाडले, चित्रं काढून ओट्यावर चिकटवली, महिन्याभरात जमला, आम्ही खूश. मग एकदा मला घसा बसल्यामुळे बोलता येईना, तर हा गाळणं हातात धरून तसाच उभा, चहा उतू चाललाय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की प्रत्येक टप्प्याआधी मी ‘हं, आता’ म्हणत होते आणि तो त्याची वाट बघत होता. पुढचे दोन महिने तोंड बंद ठेवायला मी शिकले. म्हणून कुठलीही जागा बघताना एकच प्रश्न विचारा: मदत कमी कशी करत नेता आणि ते लिहून ठेवता का? उत्तर आलं नाही तर फी कितीही कमी असू दे, पुढची जागा बघा.

प्रवासही घरच्यांनीच शिकवायचा. आमच्याकडे लोकलच्या दिव्यांग डब्यात आधी सोबत, मग पुढच्या दारात उभं राहून, असं करत करत दोन स्टेशनं जमली. डब्यातले लोक ‘धडधाकट दिसतोयस की, उतर’ म्हणून ओरडतात, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, गळ्यात हवंच.

निवासीचा, म्हणजे मूल तिथेच राहील अशा संस्थेचा, विचार बहुतेक जण आपण साठीला आलो की करतात, तोवर उशीर झालेला असतो. बदलापूरचं आधार, मुळशीतलं साधना व्हिलेज, मारुंजीचं नवक्षितिज बघून या, बघायला काय जातंय. रात्री ड्युटीवर कोण असतं आणि मुलाला कानावर हात ठेवून एकटं बसायला जागा आहे का, हे दोन प्रश्न मी तरी सोडणार नाही.

काहीही निवडा, अठरानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यामुळे नॅशनल ट्रस्टची (ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठीची केंद्र सरकारची संस्था) गार्डियनशिप करून घ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. ट्रस्टचाच निरामय आरोग्य विमापण काढा, 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात.

आमचं सध्या मिश्रण चाललंय, चार दिवस वर्कशॉप, दोन दिवस घर आणि बाजार. बारावी करायची का हा वाद नवऱ्याशी अजून चालू आहे. चहा रोज चारला तोच करतो, साखर तेवढी जास्त पडते.