रंगवलेलं इंजिन आणि माझे १,४७,६०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. इंजिन १,०५,०००. ते आणायला टेम्पो ४,५००. बसवायची मजुरी १८,०००. क्लच प्लेट सेट ७,२००, फाउंडेशनचे रबर २,६००, ऑइल-फिल्टर-कूलंट ४,३००. आणि वर आरटीओच्या एजंटाचे ६,०००, ते तर नुसतेच पाण्यात. एकूण १,४७,६००. एवढं करून गाडी दारात उभी आहे आणि सेल मारला की धुराने अख्खी गल्ली निळी होते.

माझी पिकअप २०११ची. साधं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, चार सिलिंडर, २५२३ सीसी. अकरा क्विंटल कांदा भरून पिंपळगावला निघालो होतो, राहूड घाटात तिने जीव सोडला. गरम होऊन हेड गेलं, लाइनर घासले, क्रँकही गेला. मिस्त्री म्हणाला, पूर्ण इंजिन कामाला नव्वदच्या वर जातील आणि क्रँक घासून आणण्यात आठ-दहा दिवस मोडतील. त्यापेक्षा अपघातात गेलेल्या गाडीचं कमी चाललेलं इंजिन उचला. ऐन हंगाम, गाडी उभी म्हणजे रोजचं भाडं बुडालं. तुम्ही काय केलं असतं?

आणि मी अगदीच अडाणी नाही. आधी एकाने मला कॉमन रेल इंजिन गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. 'ॲव्हरेज वाढेल, ओढ वाढेल.' त्याला मी तिथेच हात जोडले. ते इंजिन घेतलं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आला, सगळं वायरिंग आलं, सेन्सर आले. जुन्या गाडीत ते बसवणं म्हणजे रोजची कटकट. शिवाय आरसीवर चढवायचं तर इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनाचं लागतं, हेही मला ठाऊक होतं. म्हणून हट्टाने डीआयच शोधलं. फसलो ते एवढी अक्कल वापरून फसलो, हे जास्त झोंबतं.

जुन्या बाजारातलं दुकान. मिस्त्रीच घेऊन गेला. (त्याला त्यात आठ हजार सुटले, हे नंतर दुसऱ्या मिस्त्रीकडून कळलं.) इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं, चांदीसारखा रंग मारलेला, बाटलीतून डिझेल जोडलेलं. बॅटरी लावली, एका सेलमध्ये चालू. मी खूश. हात लावला तर ब्लॉक कोमट. मी विचारलं, "आत्ताच चालवलं होतं का?" तर शेठ म्हणाला, "सकाळी एक पार्टी बघून गेली, भाऊ. तुम्ही नाही घेतलं तर संध्याकाळी ते नेतील." गरम इंजिन कुणाचंही एका सेलमध्ये चालू होतं. थंडगार असताना चालू करून दाखवा म्हणायचं, नाहीतर उद्या सकाळी येतो म्हणायचं. मी यातलं काहीच म्हणालो नाही, कारण ती संध्याकाळची पार्टी माझ्या डोक्यात बसली होती.

ऑइलची कॅप काढून बघायला गेलो तर पोऱ्याने हात मध्ये घातला, "काका, ऑइल उडेल अंगावर." डीआयला कॅप काढल्यावर ऑइल उडतं का हो इतकं? उडत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपलेल्या. ज्या गोष्टीसाठी कॅप काढायची, तेच कारण सांगून त्याने मला थांबवलं आणि मी थांबलो.

पण खरा क्षण त्याच्याही नंतरचा. इंजिन नंबरवर कागद धरून मी स्वतः पेन्सिल फिरवली, आरटीओसाठी प्रिंट लागेल म्हणून. बाकीचे आकडे एका ओळीत, एका जाडीचे. शेवटून तिसरा आणि चौथा मात्र जरा खाली बसलेले, कडा जाड, आणि त्यांच्याभोवतीची जागा ग्राइंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत. मला दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. तरी मी कागदाची घडी करून पाकिटात ठेवली, कारण तोवर २०,००० इसार गेला होता. इसार बुडेल या भीतीने मी उरलेले ८५,००० रोख मोजून दिले. 'ऑनलाइन घेतलं तर जीएसटी लावावा लागेल,' हे ऐकूनही. इसाराचे यूपीआय कुणाच्या नावावर गेले ते नीट बघितलं तेव्हा कळलं, शेठच्या नव्हे, कुठल्यातरी बाईच्या नावावर. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. मूळ गाडीची आरसी म्हणून एक झेरॉक्स, 'ओरिजनल दोन दिवसांत पाठवतो.' ती आजतागायत आली नाही.

४१० किलोमीटर. तेवढं चाललं. मग ऑइल प्यायला लागलं, ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी) फकाफका धूर. उघडलं तर खालच्या ऑइल चेंबरमधून काकवीसारखं घट्ट ऑइल निघालं. धूर दाबायला गिअरचं ऑइल मिसळलेलं. तिसऱ्या पिस्टनची रिंग तुटलेली.

तोवर पासिंगची तारीख आली. आठ वर्षांपुढच्या धंद्याच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, त्यातून सुटका नाही. आरटीओत गेलो तर पहिल्या खिडकीवर सांगितलं, इंजिन बदलण्याआधी परवानगी घ्यायला हवी होती. ही चूक माझी, मान्य. पण पुढे काय करू? दुसऱ्या खिडकीवर म्हणाले मूळ गाडीचे कागद आणा. तिसऱ्या वेळी साहेबांनी नंबरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा नंतर ठोकून पाडलेला नंबर आहे. आम्ही हात लावणार नाही. पोलिसांकडे जा." वर, परवानगीशिवाय बदल केला म्हणून मलाच पाच हजार दंड होऊ शकतो, ही आठवण. एजंट तोवर फोन उचलेनासा झाला होता.

पोलिसांत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे." नंबर पाडलेलं इंजिन विकणं दिवाणी? मग म्हणाले दुकान आमच्या हद्दीत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, चारशेवीसचं आता ३१८ झालंय, हे मी घरून वाचून गेलो होतो. सांगितलं तर हवालदार हसले. "वाचून आलात? मग हेही वाचा की इंजिन चोरीचं निघालं तर ते तुमच्या दारात सापडलंय." त्या वाक्यानंतर मी बाहेर येऊन दहा मिनिटं बाकावर बसून होतो. तक्रारदार म्हणून गेलो आणि संशयित होऊन निघालो. दुसऱ्या ठाण्यात तेच, फक्त चहा मिळाला. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोचपावती आली, माणूस कुणी आला नाही.

१९३० ला फोन केला, यूपीआय आहे म्हणून. हा सायबर गुन्हा नाही म्हणाले. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइन, त्यांनी तक्रारीचा नंबर दिला. महिन्याभराने निरोप, दुकानदार उत्तर देत नाही. ते मलाही माहीत होतं. जिल्हा ग्राहक आयोगात गेलो, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही एवढं बरं. तिथे समोरच्याच्या वकिलाचं म्हणणं, गाडी धंद्याची म्हणून मी ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असेल तर तो ग्राहकच, असं कायद्यातच लिहिलंय. तुमच्यावर ही वेळ आली तर हे पहिल्याच अर्जात घाला. मी घातलं नव्हतं, दोन तारखा त्यातच गेल्या.

जुनं इंजिन घेताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, सोबतच्या मिस्त्रीच्या तर मुळीच नाही. मिस्त्री आपला न्या, त्याने सांगितलेल्या दुकानात मात्र जाऊ नका. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर बघा. ताजा रंग दिसला की नंबरपाशी नख मारा. आणि इसार देण्याआधी पेन्सिल फिरवा, नंतर नाही.

आता इंजिन विकता येत नाही, भंगारातही घालता येत नाही. पुरावा आहे म्हणे, जसं आहे तसं ठेवा. ताडपत्री टाकून ठेवलंय. आयोगातली पुढची तारीख हंगाम संपल्यावरची आहे.