घड्याळाची तबकडी: साधी घ्यावी का अक्षरांनी भरलेली?

राजेहो, घड्याळ घ्यायला गेलेला माणूस पहिले पट्टा पाहतो, मग किंमत, मग कंपनी. तबकडीवर काय काय छापलंय हे कोणी वाचत नाही, अन पुढची दहा-पंधरा वर्षं रोज पाहायचं तेच असतं. पट्टा तुटला तर आठवडी बाजारात दुसरा बसवून मिळतो, काच घासली तर काच बदलते, पण तबकडीवरची अक्षरं जन्मभर तीच. सध्या लग्नसराई जवळ आली, कापूस-सोयाबीनचे पैसे थोडेफार हातात आले, नवरदेवाला घड्याळ द्यायचंच असतं, म्हणून हा प्रश्न मले बरेच जण विचारतात. खाली लिहितो ती माझी आवड आहे, पण आवड अशी काऊन झाली त्याची कारणंही देतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी दोन टोकं समजून घ्या. एका टोकाला रोलेक्सची सबमरीनर डेट. वर मुकुट, त्याखाली रोलेक्स, त्याखाली ऑइस्टर परपेच्युअल डेट, मग खालच्या अर्ध्यात सबमरीनर, १००० फूट = ३०० मीटर, सुपरलेटिव्ह क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड, अन एकदम काठावर बारीक स्विस मेड. एवढं लिहूनही ती तबकडी गिचमिड वाटत नाही, कारण ओळी बारीक आहेत, मधोमध आहेत, अन तासाच्या खुणा एवढ्या ठळक की नजर पहिले तिकडेच जाते. दुसऱ्या टोकाला मोव्हाडोचं म्युझियम घड्याळ, नेथन जॉर्ज हॉरविट यांनी १९४७ मध्ये काढलेलं डिझाइन, काळी तबकडी, आकडे नाहीत, बाराच्या जागी फक्त एक गोल टिपका. अन मोझर नावाच्या स्विस कंपनीनं तर काही मॉडेलांवरून स्वतःचं नावसुद्धा काढून टाकलं, नुसते काटे अन रंग. ही घड्याळं आपल्या तालुक्याच्या दुकानात येत नाहीत, पण जी येतात ती सगळी याच दोन टोकांच्या मधात कुठेतरी बसतात.

माझं मत असं की तबकडीवरच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: तू खरं बोलते का अन माझ्या कामाची आहेस का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर ती ओळ राहू द्यावी, नाहीतर तिची जागा मागच्या झाकणावर.

आता आपल्या ओळखीची दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवू, एचएमटी जनता अन कॅसिओ एफ-९१डब्ल्यू.

एचएमटीचा घड्याळाचा कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं सुरू झाला अन २०१६ मध्ये सरकारनं ती कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी आपल्याकडे अजून कित्येक घरात आबाजीचं चावीचं घड्याळ म्हणजे हेच. जनताच्या तबकडीवर वर बारीक अक्षरात एचएमटी, मॉडेलचं नाव, अन खाली १७ ज्वेल्स, पॅरा शॉक. वाचायला बढाई वाटते पण प्रत्येक शब्दामागे वस्तू आहे. १७ ज्वेल्स म्हणजे चाकांच्या बारीक दांड्या जिथे फिरतात तिथे बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे, त्यानं घासण कमी होते, अन साध्या चावीच्या घड्याळाला १७ खडे पुरतात, म्हणून आकडा २१ का २५ असला म्हणजे घड्याळ तेवढं भारी असं काही नसतं. पॅरा शॉक हे सिटीझनच्या झटका सोसणाऱ्या स्प्रिंगचं नाव, घड्याळ हातातून पडलं तर आतली नाजूक दांडी मोडू नये म्हणून. म्हणजे ज्या काळी मागचं झाकण उघडून पाहायची सोय नव्हती त्या काळी आतलं सामान काय आहे हे तबकडीवरच लिहून दिलं होतं. मले हे आवडते. दोन बारीक ओळी, दोन्ही खऱ्या.

पण हीच अक्षरं आज फसवायलाही वापरतात. ऑनलाइन जे चकचकीत निळे, केशरी, हिरवे एचएमटी स्वस्तात दिसतात त्यातल्या बऱ्याच तबकड्या नंतर छापलेल्या असतात, जुन्या घड्याळांचे शौकीन त्याला मुंबई स्पेशल म्हणतात. कारखान्यात तबकडी छापताना मऊ सिलिकॉनची गादी कोरलेल्या प्लेटवरून शाई उचलते अन तबकडीवर ठेवते, त्यामुळे ओळ बारीक, धारदार अन सारख्या जाडीची येते. नंतर छापलेलीत अक्षरं जाड होतात, कडा फुटतात, लोगो बाराच्या खुणेपासून किंचित सरकलेला असतो, मिनिटाच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून पाहा, लगेच कळते. म्हणून जुनं घ्यायचं असेल तर मजकूर असलेली तबकडी बरी, तपासायला काहीतरी हाती असते, कोऱ्या तबकडीत काय तपासणार!

कॅसिओ एफ-९१डब्ल्यू १९८९ चं. त्याच्या तोंडावर अक्षरं जनतापेक्षा जास्त आहेत: कॅसिओ, मॉडेल नंबर, अलार्म क्रोनोग्राफ, वॉटर रेझिस्ट, शिवाय बटणाशेजारी लाइट, मोड. तरी ते डोळ्याला टोचत नाही, अन मला वाटतं याचं कारण असं की सगळा मजकूर पडद्याच्या भोवतीच्या चौकटीवर आहे, वेळ दाखवायच्या जागेवर एकही अक्षर नाही. बटणाशेजारचं लाइट हे नाव तर सरळ उपयोगाचं, ज्यानं कधी डिजिटल वापरलं नाही त्यालाही कोणतं बटण दाबायचं ते कळते. उलट काट्याच्या घड्याळात अक्षर छापलं की ते काट्याखालीच येणार. तिथे प्रत्येक ओळ काट्याच्या आड येते, म्हणून तिथे मी जास्त कडक. तीन ओळींच्या वर गेलं की माझ्यासाठी ते घड्याळ बाद. (रात्री जागलीवर एफ-९१डब्ल्यूचा लाइट फारच मिणमिणा आहे हेही सांगून ठेवतो, रानडुकरं यायच्या वेळेला टॉर्चच लागतो.)

ज्या एका ओळीवर थांबलंच पाहिजे ती म्हणजे वॉटर रेझिस्ट, कारण तिथे गैरसमज लय आहे. नुसतं वॉटर रेझिस्ट किंवा ३० मीटर लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हात धुताना, पावसात भिजताना चालते, एवढाच. ३० मीटर खोल पाण्यात जाता येते असा नाही. तो आकडा प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा, अन आपण पाण्यात हात मारतो तेव्हा दाब वेगळा पडतो. पोहायचं असेल तर निदान ५० मीटर पाहावं, अन विहिरीत उड्या मारणाऱ्या पोट्ट्यासाठी घेत असाल तर १०० मीटर. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: पाणी अडवते ते आतलं रबराचं कडं, तबकडीवरची ओळ नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, वरून घाम, फवारणीचं औषध, साबण, त्यात ते रबर कडक होते, चिरते. सेल बदलायला झाकण उघडलं अन कडं नीट बसलं नाही तर संपलंच. पण तबकडीवर पाच वर्षांनीही तेच वॉटर रेझिस्ट लिहिलेलं राहते. म्हणून ही ओळ मागच्या झाकणावर असावी असं माझं ठाम मत आहे, अन शेतात वापरायच्या घड्याळात मात्र आकडा कुठेतरी असलाच पाहिजे, आकडा नसेल तर दुकानदाराला विचारा अन तो फक्त "होते ना भाऊ" म्हणाला तर दुसरं दाखवायला सांगा.

क्वार्ट्ज, म्हणजे सेलवर चालणारं अन आतल्या स्फटिकाच्या कंपनावर वेळ धरणारं घड्याळ, या शब्दाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९६९ च्या डिसेंबरमध्ये सेकोनं पहिलं क्वार्ट्ज मनगटी घड्याळ बाजारात आणलं तेव्हा तो शब्द मोठा होता, आता सेलवर चालणारं बहुतेक प्रत्येक घड्याळ क्वार्ट्जच.

लोगोकडे वळू. इथे छापील का बसवलेला, हा पहिला निर्णय. बसवलेला लोगो म्हणजे धातूचं छोटं अक्षर नाहीतर चिन्ह तबकडीवर चिकटवलेलं. उन्हात चमकते, घड्याळ दिसायला भारी होते, लग्नात तेच उठून दिसते. पण आपले रस्ते पाहा, गाडीवर रोज पांदणीनं जाणाऱ्याच्या हातावर घड्याळ किती हादरे खाते. चिकटवलेली खूण कधीकधी सुटते अन आत फिरत काट्यात अडकते, घड्याळ बंद पडते. दुरुस्तीवाला परत बसवून देतो, पण ज्याला तालुक्याला जायला एसटीची वाट पाहावी लागते त्याच्यासाठी तो अख्खा दिवस गेला. रोजच्या वापराला छापील, सणावाराला बसवलेला, असं माझं साधं गणित.

चिन्ह चांगलं असलं की ओळी वाचतात, हे मी सेको ५ वरून शिकलो. १९६३ मध्ये आलेल्या या घड्याळात पाच गोष्टींचं वचन होतं: ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी बसणारं), वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या बाजूला दडवलेली चावी, अन टिकाऊ पट्टा अन केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी). या पाच गोष्टी पाच ओळीत लिहिल्या असत्या तर तबकडीचं पोस्टर झालं असतं, त्याऐवजी ढालीत एक ५. २०१९ मध्ये स्पोर्ट्स मालिकेत ती ढाल काढून नवा ५ आणला, मले जुनी ढालच आवडते, नव्या आकड्यात गाडीच्या स्टिकरसारखा जोर आहे.

याच्या उलट टायटन एज, २००२ मध्ये आलेलं, अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाडीचं. अशा पातळ घड्याळावर नावापलीकडे फारसं काही नसते अन नसावंच. शर्टाच्या बाहीत जाणारं, कार्यालयात, शाळेत, बँकेत घालायचं घड्याळ म्हणून साधी तबकडी इथे शोभते. फक्त एक बघा, खुणा फारच कमी असतील तर चाळिशीच्या पुढच्या माणसाला एक वाजून पाच का सव्वा वाजले हे पटकन कळत नाही. साधेपणा अक्षरांत हवा, खुणांत नको.

भेट मिळालेल्या घड्याळांचं वेगळं. पतसंस्थेचं, बी-बियाण्याच्या कंपनीचं, निवडणुकीतल्या चिन्हाचं नाव तबकडीच्या मधोमध छापलेली घड्याळं आपल्याकडे घरोघरी असतात. ती फुकट मिळाली म्हणून वापरावी, विकत घेऊ नये, कारण तिथे तुमचं मनगट दुसऱ्याचा बोर्ड होते. पण महाराजांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो असलेली तबकडी मी त्यात धरत नाही. ज्याच्या मनात जे आहे ते त्यानं हातावर बांधलं, तिथे वाचायला अडचण होते का हा प्रश्न दुय्यम. फक्त फोटोच्या रंगापुढे काटे उठून दिसतील असे पांढरे नाहीतर गडद निवडा.

अन देवनागरी. जुन्या जनताच्या काही तबकड्यांवर जनता हे नाव देवनागरीत आहे, अन मला कोणत्याही इंग्रजी ओळीपेक्षा ते तीन अक्षरी नाव जास्त देखणं वाटते. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, तिच्या हातावरच्या घड्याळावरचं एक तरी अक्षर तिला वाचता यावं, एवढी साधी अपेक्षा आहे. अशी तबकडी चांगल्या स्थितीत सापडली तर दोन पैसे जास्त देऊन घ्या.

आता कोणासाठी काय. नवरदेवासाठी: वर एक नाव, बसवलेला लोगो, खाली जास्तीत जास्त एक ओळ. शेतात, फवारणीला, ओलिताला: डिजिटल, नाहीतर छापील मोठ्या आकड्यांचं, पाण्याचा आकडा लिहिलेलं. म्हाताऱ्या माणसासाठी: पांढरी तबकडी, काळे आकडे, मजकूर जेवढा कमी तेवढा बरा. जुन्याचा शौक असेल तर जनता नाहीतर एचएमटीचंच काळ्या तबकडीचं पायलट, पण छपाई तपासूनच.

दुकानात काउंटरच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, घड्याळ घेऊन दारात उन्हात या, हात पूर्ण लांब करा अन वेळ वाचा. अन ज्यांच्याकडे आबाजीचं जुनं घड्याळ आहे, ज्याची अक्षरं पुसट झाली, त्यांना दुरुस्तीवाला सांगेल की नवी तबकडी टाकून देतो, एकदम नव्यासारखं होईल. मशीन साफ करून घ्या, तेलपाणी करा, काच बदला. तबकडी तीच राहू द्या.